ओझार्क माउंटन डेअरडेविल्स : 'जॅकी ब्लू' नंतर हा बँड गेला कुठे?

नवा_मिझुरीकर

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा आडवळणाचा आहे पण इथे जुनं रॉक ऐकणारे बरेच जण आहेत म्हणून टाकतोय. मी पुण्याहून मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीला आलोय, ऑफिसला जाताना गाडीत क्लासिक रॉकवालं रेडिओ स्टेशन चालू असतं आणि त्यावर 'जॅकी ब्लू' नावाचं गाणं सारखं लागतं. मस्त गुळगुळीत गाणं आहे, गिटारला तो पाण्यात बुडवल्यासारखा आवाज आणि वर एक नाजूक आवाज. मी इतके दिवस समजत होतो की कोणीतरी बाई गातेय. ऑफिसात एक रिटायरमेंटला आलेले गृहस्थ आहेत त्यांना विचारलं तर ते पोट धरून हसले, म्हणाले अरे ती बाई नाही, तो बँडचा ड्रमर आहे लॅरी ली म्हणून, आणि बँड आपल्याच राज्यातला आहे, इथून तीनेक तासांवर स्प्रिंगफील्ड आहे तिथला.

मग घरी येऊन त्यांचा पहिला अल्बम लावला आणि चक्रावलोच. हे काय वेगळंच! हार्मोनिका, बँजो, मेंडोलिन, एका गाण्यात तर चक्क कोंबड्यांसारखे आवाज काढलेत. 'जॅकी ब्लू' वाला बँड हाच का, असं दोनदा तपासलं.

तर विचारायचं असं की 1975 साली ज्यांचं गाणं बिलबोर्डच्या (अमेरिकेतली हिट गाण्यांची यादी) तिसऱ्या नंबरवर होतं, त्यांचं नाव आज मिझुरीच्या बाहेर कोणाला माहीत का नाही? ऑफिसातले काका म्हणतात की रेकॉर्ड कंपनीने कॅलिफोर्नियाला शिफ्ट व्हा म्हणून सांगितलं, हे लोक म्हणाले नाही येत जा, आणि तिथेच गाडी बसली. हे खरं आहे की गावातल्या पोरांबद्दल गावकरी सांगतात तसली गोष्ट आहे? आणि ऐकायची सुरुवात कुठून करू तेही सांगा.

खडीसाखर

अरे वा, माझ्या सासरचा विषय काढलास (म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही स्प्रिंगफील्डला बरीच वर्षं होतो, त्या अर्थाने सासर). तुझे काका थापा मारत नाहीयेत पण गोष्ट तेवढीच नाहीये, जरा मागून सांगते.

आधी स्प्रिंगफील्ड काय आहे ते समजून घे. बाहेरून बघितलं तर मध्यम आकाराचं, चर्चवालं, साधं शहर, रूट 66 वरचं. पण गाण्याबजावण्याच्या बाबतीत ते अजिबात खेडं नव्हतं. 1955 ते 1960 या काळात 'ओझार्क ज्युबिली' नावाचा कंट्री म्युझिकचा शो तिथल्या ज्युवेल थिएटरमधून एबीसी या टीव्ही चॅनेलवर अख्ख्या अमेरिकेत लाइव्ह जायचा, रेड फोली त्याचा होस्ट होता, ब्रेंडा ली लहान असताना तिथूनच पुढे आली. शो बंद झाला तरी वाजवणारे, लिहिणारे, छोटे स्टुडिओ हे सगळं गावात राहिलं. 'द लेटर' हे बॉक्स टॉप्सचं 1967 चं गाणं लिहिणारा वेन कार्सनसुद्धा तिथलाच. तर ही पोरं अशा गावात वाढली जिथे रेकॉर्डिंग म्हणजे कुठल्यातरी लांबच्या शहरातली जादू नव्हती.

बँड जमला 1971-72 च्या सुमारास. जॉन डिलन, स्टीव्ह कॅश, रँडल चाऊनिंग, लॅरी ली, बास वाजवणारा मायकेल ग्रँडा (त्याला सगळे 'सूप' म्हणतात) आणि कीबोर्डवर बडी ब्रेफील्ड. सुरुवातीला नाव होतं 'फॅमिली ट्री', गावातल्या न्यू बिजू थिएटर नावाच्या जागी वाजवायचे. मग नाव बदलायचं ठरलं तेव्हा डिलनने जे नाव काढलं ते असं : 'कॉस्मिक कॉर्न कॉब अँड हिज अमेझिंग ओझार्क माउंटन डेअरडेविल्स'. आता कॉस्मिक कॉर्न कॉब कोण होणार, कोणी तयारच होईना 😄 म्हणून पुढचा भाग कापला.

त्यांची टेप न्यूयॉर्कला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या जॉन हॅमंडकडे पोचली. हॅमंड म्हणजे ज्याने बॉब डिलनला साइन केलं तो माणूस. त्याला आवडलं, 500 डॉलर दिले आणखी डेमो करायला, 1972 च्या उन्हाळ्यात यांनी स्प्रिंगफील्डमध्येच ढीगभर गाणी रेकॉर्ड करून पाठवली आणि शेवटी कोलंबिया म्हणाली नको. मग टेप आली तुझ्या कॅन्सस सिटीत. तिथे गुड कर्मा प्रॉडक्शन्स म्हणून कंपनी होती, ब्रूअर अँड शिपली या जोडीचं मॅनेजमेंट करायची आणि काउटाउन बॉलरूम हा कार्यक्रमांचा हॉल चालवायची. त्यातल्या पॉल पीटरसनने टेप एअँडएम रेकॉर्ड्सच्या डेव्हिड अँडर्लला दिली. एअँडएमला तेव्हा ईगल्सच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कंट्री रॉक बँडच्या, जातीचा बँड हवाच होता.

मार्च 1973 मध्ये अँडर्ल खुद्द ग्लिन जॉन्सला घेऊन काउटाउनला आला. ग्लिन जॉन्स म्हणजे ईगल्सच्या पहिल्या अल्बमचा प्रोड्यूसर, रोलिंग स्टोन्स आणि द हू या बँडबरोबर काम केलेला माणूस. आणि ही पोरं इतकी टरकली की शो पार बेकार झाला. तिथेच सगळं संपलं असतं, पण पीटरसन हुशार, त्याने दोघांना शो झाल्यावर आपल्या घरी नेलं, बँडलाही बोलावलं, मेणबत्त्या लावल्या आणि नुसत्या अकूस्टिक वाद्यांवर गायला सांगितलं. ना स्टेज ना अँप. तेवढ्यावर काम झालं! मे मध्ये करार, लगेच लंडनला ऑलिम्पिक स्टुडिओत पहिला अल्बम.

त्या अल्बमच्या कव्हरवर गोधडी आहे बघ, तुकड्या-तुकड्यांची. सगळे त्याला गोधडीवाला अल्बमच म्हणतात. त्यातलं 'इफ यू वॉना गेट टू हेवन' 1974 मध्ये 25 नंबरपर्यंत गेलं, कॅश आणि डिलनने लिहिलेलं, हार्मोनिका कॅशची. तू म्हणतोस ते कोंबडीवालं 'चिकन ट्रेन'. त्यात जो टुंइंग-टुंइंग आवाज आहे ती माउथबो, म्हणजे धनुष्य तोंडाशी धरून तार छेडायची, तोंडाच्या पोकळीने सूर बदलायचा. ओझार्कच्या डोंगरात हे फार जुनं वाद्य आहे, शेजारच्या आर्कान्सामधला जिमी ड्रिफ्टवुडही वाजवायचा. कोणी गंमत म्हणून आणून ठेवलेलं नाही.

बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

अमृतांजन

कॉस्मिक कॉर्न कॉब 😂😂 आमच्या कॉलेजच्या बँडला 'शेंगदाणा एक्स्प्रेस' नाव ठेवलं तेव्हा घरच्यांनी हाकलून द्यायचं बाकी ठेवलं होतं, हे लोक आमच्याही पुढचे निघाले

तबकडी

खडीसाखर ताईंनी छान लिहिलंय, पण मूळ प्रश्नाला मी जरा विरोधी पक्षातून उत्तर देतो. माझ्याकडे यांच्या पहिल्या चार एलपी आहेत, त्यातल्या दोन तर मुंबईला एका जुन्या रेकॉर्डवाल्याकडे धुळीत मिळाल्या, आणि चारही ओळीने ऐकल्या की कॅलिफोर्नियावाली गोष्ट मला अर्धीच पटते.

कंपनीने सांगितलं होतं हे खरं आहे. एअँडएमचं म्हणणं होतं की दक्षिण कॅलिफोर्नियाला या, आमच्या डोळ्यांसमोर राहा म्हणजे ईगल्ससारखं तुमचं मार्केटिंग करता येईल, आणि 'जॅकी ब्लू' सारखी आणखी गाणी द्या. यांनी दोन्हीला नकार दिला. त्यानंतर कंपनीचा उत्साह आटला हेही खरं. पण ईगल्सशी तुलना करताना लोक एक गोष्ट विसरतात, ईगल्स हा लॉस एंजेलिसचा बँड म्हणजे बाहेरून आलेल्यांचा बँड. डॉन हेन्ली टेक्ससमधल्या लिंडन नावाच्या छोट्या गावचा, ग्लेन फ्राय डेट्रॉइटचा. ते तिथे गेले तेच मुळी मोठं व्हायला गेले. ही स्प्रिंगफील्डची पोरं गावात एकत्र आली, बायकापोरांसकट. गाव हीच त्यांची एकत्र असण्याची जागा होती. ती उचलून हॉलिवुडला नेली असती तर बँड सहा महिने तरी टिकला असता का याची मला शंका आहे.

आणि दुसरं, घरी राहून मोठं होता येतच नाही असं कुठे आहे? त्याच काळात मार्शल टकर बँड साउथ कॅरोलिनामधल्या स्पार्टनबर्गला राहूनच गोल्ड रेकॉर्ड काढत होता. फरक एवढाच की त्यांची कंपनी कॅप्रिकॉर्न होती, जॉर्जियातल्या मेकनची, म्हणजे शेजारच्याच राज्यातली, तिथल्या लोकांना हे संगीत कळत होतं आणि तसल्या बँडची अख्खी रांगच त्यांच्याकडे होती. डेअरडेविल्सच्या नशिबी मात्र ला ब्रेआ अव्हेन्यूवरचं ऑफिस, चार्ली चॅप्लिनच्या जुन्या स्टुडिओतलं. मिझुरीत तसली रेकॉर्ड कंपनी कोणीच नव्हती. आपल्याकडे प्रभातसुद्धा 1929 ला कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला आली, पण अख्खी कंपनीच उचलून आणली, मालक-नट-कॅमेरे सगळं आपलंच. इथे कंपनी परक्याची आणि कलाकार एकटे, मग कोण कुणाकडे जाणार हा प्रश्न कंपनीच ठरवणार.

पण माझ्या मते खरा घोळ वेगळाच आहे. या बँडला चेहरा नव्हता. सहा माणसं, त्यातली चार-पाच गाणारी, प्रत्येकजण लिहिणारा. 'हेवन' ऐकून कोणी तिकीट काढलं तर त्याला दणदणीत हार्मोनिकावालं रॉक पाहिजे. 'जॅकी ब्लू' ऐकून आलेल्याला मऊ मऊ पॉप पाहिजे, आणि ते गाणारा माणूस ड्रमच्या मागे बसलेला! त्यात त्याच एलपीवर 'कॅन्सस यू फूलर' सारखं गाणं, जे 'जॅकी ब्लू' च्या गिऱ्हाइकाने ऐकलं तर तो दुकानात परत करायला जाईल. मला स्वतःला हे फार आवडतं, पण विकणाऱ्याच्या बाजूने बघा ना, तो पोस्टरवर कोणाचा फोटो लावणार?

आकडे बघितले तरी तेच दिसतं. पहिला अल्बम 26 नंबर, दुसरा 19, मग 'द कार ओव्हर द लेक अल्बम' 57. घसरण 'जॅकी ब्लू' च्या लगेच पुढच्याच अल्बमला सुरू झाली. एकदा बाहेरचा पब्लिक येऊन गेला आणि त्याला जे हवं होतं ते परत मिळालं नाही. टॉप 40 मध्ये पुन्हा एकही गाणं नाही.

नवा_मिझुरीकर

वा, हे तर पूर्ण दोन बाजू झाल्या. ऑफिसातल्या काकांना भाषांतर करून सांगतो आज 😀 तबकडी, एक शंका. 'जॅकी ब्लू' त्यांच्या बाकीच्या गाण्यांपेक्षा एवढं वेगळं आहे, तर ते त्या अल्बमवर आलं कसं? कंपनीने जबरदस्ती केली होती का?

फेडर

यावर मी लिहितो, माझा धंदाच रेकॉर्डिंगचा आहे आणि ग्लिन जॉन्स हा आमच्या लोकांचा देव.

जबरदस्ती वगैरे नाही. दुसऱ्या अल्बमची तयारी चालली होती, जॉन्स आणि अँडर्ल मिझुरीत गाणी ऐकायला आले होते. लॅरी ली पियानोवर हे गाणं वाजवत बसला होता. मूळ गाण्यात जॅकी हा पुरुष होता, एक गूढ टाइपचा बारटेंडर, उलटसुलट धंदे करणारा. जॉन्सने चाल ऐकली आणि सांगितलं की गाणं जबरदस्त आहे पण जॅकी मुलगी पाहिजे. झालं, ली आणि कॅशने बसून शब्द पुन्हा लिहिले. बास, एवढीच सूचना. पण बघ ना, बारटेंडरचं गाणं असतं तर कॅन्सस सिटीच्या बाहेर वाजलं असतं का? प्रोड्यूसर म्हणजे नुसता फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) ढकलणारा माणूस असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं (माझे काही क्लायंट हे वाचत असतील तर नमस्कार).

आता मजा ऐक. हा अल्बम, 'इट'ल शाइन व्हेन इट शाइन्स', 1974 चा, स्टुडिओत झालेलाच नाही. मिझुरीतच बोलिव्हर गावाबाहेर रूडी व्हॅली रँच म्हणून फार्महाउस होतं, चाऊनिंगने भाड्याने घेतलेलं. बँडची तालीम तिथेच चालायची. तर यांना पुन्हा लंडनला न नेता मोबाइल रेकॉर्डिंग ट्रक तिथे नेला. म्हणजे कसं असतं की ट्रकच्या पोटात कन्सोल (आवाज मिसळायचं यंत्र) आणि टेप मशीन, तिथून बऱ्याच तारांची जाडजूड मल्टिकोर केबल अंगणातून खिडकीतून घरात, बैठकीच्या खोलीत एक वाद्य, दुसऱ्या खोलीत दुसरं, आणि इंजिनिअरला वाजवणारे दिसतच नाहीत, नुसतं टॉकबॅकवर, म्हणजे माइक-स्पीकरवरून, बोलायचं. लाकडी जमीन, लाकडी भिंती, छत बुटकं, म्हणून तिथला आवाज स्टुडिओसारखा कोरडाठाक येत नाही, जरा घरगुती गरम येतो. हेडफोन लावून त्या अल्बमची संथ गाणी ऐक, खोलीचा आकार कळतो.

आणि जॉन्सची ड्रमची पद्धत प्रसिद्ध आहे. जेमतेम तीन-चार माइक. एक ड्रमच्या वर, एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभा मोठा ड्रम) बाजूला, दोन्ही स्नेअरपासून (मधला कडक आवाजाचा ड्रम) बरोबर सारख्या अंतरावर, मोजून. नाहीतर स्नेअरचा आवाज एका माइकला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो आणि फेज बिघडतो, म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींना खातात. मग एक किकला (पायाने वाजवायचा ड्रम), हवाच तर एक स्नेअरला. आम्ही आज एका किटला बारा-चौदा माइक लावतो आणि मग बसतो ईक्यू करत, म्हणजे आवाजाचा पोत सुधारत. अशा पद्धतीत ड्रमर चांगला लागतो कारण बॅलन्स त्याच्या हातातच असतो, नंतर दुरुस्त करायला काही उरत नाही. लॅरी ली गायक म्हणून लोकांना माहीत आहे पण त्याचं ड्रमिंग ऐका, एक फालतू फटका नाही.

म्हणून तबकडी साहेबांना एक पुरवणी जोडतो. 'घरी राहिले म्हणून मेले' म्हणणाऱ्यांनी हे बघावं की त्यांचं सगळ्यात मोठं गाणं ज्या अल्बममधलं, तो अल्बम घरीच झाला. पुढचा 'कार ओव्हर द लेक' नॅशव्हिलला जाऊन केला, जॉन्स नव्हता, एकटा अँडर्ल होता. साउंड स्वच्छ आहे पण तो दुसऱ्या अल्बमसारखा हवा खेळणारा नाही. बाहेर गेल्याने काय बिघडलं असतं याचा नमुना तिथेच मिळतो.

तबकडी

फेडर, मुद्दा मान्य पण 'कार ओव्हर द लेक' ला एवढं झोडू नका, 'इफ आय ओन्ली न्यू' काय वाईट आहे? लॅरी लीने 'जॅकी ब्लू' ची नक्कल न करता त्याच आवाजात दुसरं गाणं दिलं. विकलं गेलं नाही तो भाग वेगळा.

खडीसाखर

आले परत. तबकडी यांचं 'चेहरा नव्हता' हे मला पटतं पण मी ते दोष म्हणून नाही सांगणार. आणि पुढची गोष्ट कोणीच सांगितली नाही, कारण 1975 नंतर सगळ्यांचा इंटरेस्ट संपतो. माझा तिथूनच सुरू होतो.

1976 मध्ये चाऊनिंग बाहेर पडला. तो पहिल्या दोन अल्बमांचा कणा होता, 'कंट्री गर्ल', 'रोड टू ग्लोरी' त्याची. त्याच सुमारास बँड युरोपात फिरून आला आणि नवा गिटारवाला कुठला घेतला असेल? नॉर्वेचा! रुना वाल्ला, बर्गनच्या फ्लाइंग नॉर्वेजियन्स या कंट्री रॉक बँडमधला. म्हणजे जे लोक कॅलिफोर्नियाला जायला तयार नव्हते त्यांच्याकडे नॉर्वेचा माणूस मिझुरीत येऊन राहिला. तबकडी, तुमच्या प्रभातच्या हिशेबात हे कुठे बसवता बघा 😜

मग बडी ब्रेफील्डने बँड सोडला, कशासाठी तर डॉक्टर व्हायला. आणि झालाही डॉक्टर. मला हे फार आवडतं. आपल्याकडे मेडिकल सोडून गाण्याकडे गेलेले पुष्कळ सापडतील, टॉप 5 मध्ये गाणं असलेल्या बँडमधून उठून मेडिकलला गेलेला मी तरी दुसरा बघितला नाही.

'मेन फ्रॉम अर्थ' 1976, 'डोन्ट लुक डाउन' 1977, मग 1978 ला 'इट्स अलाइव्ह' हा लाइव्ह डबल अल्बम, आणि तिथे एअँडएम संपलं. 1980 ला पुढचा अल्बम आला तो कोलंबियाकडून. हो, तीच कोलंबिया जिने 1972 ला नको म्हटलं होतं! प्रोड्यूसर जॉन बॉयलन, ज्याने बॉस्टन बँडचा पहिला अल्बम केला होता. मूळ सहामधले चारच उरले होते, डिलन, कॅश, ली आणि ग्रँडा. तोपर्यंत हवा बदललेली, कोलंबियानेही पुढे काही केलं नाही. दोनेक वर्षांत लॅरी ली नॅशव्हिलला गेला.

यानंतर एखादा बँड मोडला असता. हा मोडला नाही, कारण डिलन, कॅश आणि सूप ग्रँडा आपले वाजवत राहिले, माणसं येत-जात राहिली. 1985 मध्ये त्या जुन्या 1972 च्या डेमो टेपा 'द लॉस्ट केबिन सेशन्स' म्हणून निघाल्या. 1999 हे वर्ष फार वाईट गेलं. स्टीव्ह कॅनडे, जो आधी ते बिजू थिएटर चालवणाऱ्यांपैकी आणि नंतर बँडचा ड्रमर, विमान अपघातात गेला, आणि त्याच वर्षी त्यांच्याबरोबर गिटार वाजवणारा बिल ब्राउन घराला लागलेल्या आगीत. तरीही वाजवत राहिले. सूपने 2008 ला बँडचा इतिहास लिहिला, 'इट शाइन्ड' नावाचं जाडजूड पुस्तक आहे, विनोदी आहे, मिळालं तर वाच. स्टीव्ह कॅशने तर फँटसी कादंबऱ्या लिहिल्या, तीन भागांची मालिका. 2018 ला नवा अल्बम काढला, 'ऑफ द बीटन पाथ'. कॅश ऑक्टोबर 2019 मध्ये वारला.

आता मी स्वतः बघितलेलं सांगते. आम्ही तिथे असताना एका उन्हाळ्यात त्यांचा कार्यक्रम उघड्या मैदानावर होता. लोक घडीच्या खुर्च्या, कूलर, नातवंडं असं सगळं घेऊन आलेले. आमच्या पुढच्या रांगेतली आजी शेजारणीला सांगत होती की स्टेजवरचा तो एक जण शाळेत तिच्या भावाच्या वर्गात होता. 'चिकन ट्रेन' सुरू झालं आणि सगळ्या मैदानाने, म्हणजे पार सत्तरीच्या माणसांनी, कोपरं हलवत कोंबड्यांचे आवाज काढले. माझी मुलगी तेव्हा लहान होती, तिला वाटलं मोठी माणसं खुळावली. 'जॅकी ब्लू' लागलं तेव्हा उलट निम्मे लोक खायच्या स्टॉलकडे गेले. नवा_मिझुरीकर, तुझ्या रेडिओला जे गाणं म्हणजे अख्खा बँड वाटतं, ते गावच्या लोकांच्या लेखी मधली सुट्टी आहे.

अमृतांजन

मधली सुट्टी 😂 ताई तुम्ही रोज लिहीत जा

बाकी मला पडलेला प्रश्न असा की स्मॅशिंग पंपकिन्सने 'जॅकी ब्लू' केलंय ते ह्यांचंच का? मी कॉलेजात असताना ते त्यांचंच ओरिजिनल समजून शिट्टीवर वाजवायचो

तबकडी

हो, तेच गाणं. 90 च्या सुरुवातीला सत्तरीतल्या हिट गाण्यांच्या कव्हर्सचा एक अल्बम निघाला होता त्यात आहे. म्हणजे बघा, पंपकिन्सने निवडलं तेही हेच. गावच्या लोकांच्या लेखी मधली सुट्टी असेल हो खडीसाखर ताई, पण रॉयल्टीचा चेक त्या सुट्टीचाच येत असणार. नाहीतर तीस-चाळीस वर्षं मैदानातल्या कार्यक्रमांवर घर चालत नाही.

आणि नॉर्वेच्या माणसाबद्दल, तो एकटा आला, बायकापोरांचं बिऱ्हाड नव्हतं पाठीवर. प्रभात माझी शाबूत आहे.

खडीसाखर

एकटा आला की दुकटा हे तुम्ही बघायला गेला होता का विमानतळावर? 😄

चेकचं म्हणाल तर तो लॅरी ली आणि कॅशच्या नावाने, गाणं त्या दोघांचं आहे. बाकीच्यांना रेकॉर्डच्या विक्रीतलं जे काय मिळत असेल ते. डिलन आणि सूप मग कशावर टिकले? त्या मैदानांवरच. दर वर्षी त्याच दीडदोनशे मैलांच्या परिसरात तेच लोक तिकीट काढत आले, त्यांची मुलं काढत आली. लॉस एंजेलिसमध्ये 1980 साली कोणी विचारलं असतं यांना? तिथे असे किती बँड आले आणि भाडं थकवून गेले. तुम्ही म्हणता ना कंपनीला चेहरा हवा होता, स्प्रिंगफील्डला चेहऱ्याची गरजच नव्हती, सगळे सहाही चेहरे ओळखीचे होते.

फेडर

दोघांनाही एकच विनंती, भांडण चालू ठेवा पण पोराने विचारलंय सुरुवात कुठून करू, ते राहूनच गेलं.

माझं मत, दुसऱ्या अल्बमपासून कर, 'इट'ल शाइन', आणि एका बैठकीत पूर्ण. 'जॅकी ब्लू' आलं की पुढे ढकलायचं नाही आणि तिथे थांबायचंही नाही. शेवटी टायटल साँग आहे, कॅश आणि डिलनचं, ते रात्री ऐक. मग गोधडीवाला पहिला, त्यात 'स्पेसशिप ओरायन' लॅरी लीचं आहे, तुला त्याचा आवाज आवडलाय तर ते आवडेलच.

तबकडी

मी म्हणेन गोधडीवाला आधी, उलट क्रमाने नको. 'स्टँडिन ऑन द रॉक' आणि 'ब्लॅक स्काय' मोठ्या आवाजात. मग 'इट्स अलाइव्ह' घे, स्टेजवर हे काय होते ते कळतं. 1980 वाला शेवटी, तोही इतकाच वाईट नाहीये जितका लोक म्हणतात.

नवा_मिझुरीकर

दोन्ही क्रम लिहून घेतलेत. दुपारी काकांना हे सगळं सांगितलं. प्रभातचं ऐकून घेतलं, कॅलिफोर्नियाबद्दल त्यांचं मत काही बदललं नाही. पण काउटाउन बॉलरूम म्हटल्यावर एकदम खुलले, 1974 ला बंद पडायच्या आधी तिथे पुष्कळ वेळा गेले होते म्हणे, इमारत अजून उभी आहे, 31 व्या रस्त्यावर. शनिवारी बाहेरून दाखवायला नेतायत. खडीसाखर ताई, स्प्रिंगफील्डला जायचं झालं तर गावात बघण्यासारखं अजून काय आहे आणि शाकाहारी जेवण कुठे मिळेल ते जरा मेसेज करा ना.

खडीसाखर

करते मेसेज. शाकाहारी म्हणशील तर तिथली खासियत काजू घातलेलं चिकन आहे, तेव्हा आधीच सांगते, डबा घेऊन जा.